उस्तादांचं स्टिकर

फागूलाल हरिणखेडे यांना नावाने हाक मारणारं माणूस मला गोंदियात भेटलं नाही. राईस मिलमध्ये, आमच्या गल्लीत, बाजारात, नाक्यावर ते सगळीकडे ‘उस्ताद’ होते. जुन्या ट्रक ड्रायव्हरला त्याचा क्लीनर उस्ताद म्हणतो, तशी सुरुवात झाली आणि पुढे तेच नाव होऊन बसलं. त्यांच्या पत्नी पार्बताबाईसुद्धा आतून हाक मारायच्या ती अशीच, “उस्ताद, चहा निवून राहिला.” त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधी नीट कळलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

मी त्याच मिलमध्ये गाड्या लावायचं काम करत होते. कोणता ट्रक कोणता तांदूळ घेऊन कुठे जाणार, ड्रायव्हर कोण, सोबत कागद कोणते, हे सकाळी ठरवून फळ्यावर लिहायचं. उस्ताद मला मुनीमबाई म्हणत. मी मुनीम नव्हते, पण त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं. फळ्यावर आपलं नाव वाचून ते गाडीकडे जायचे, भरलेली पोती बघायचे आणि तसेच परत यायचे.

“मुनीमबाई, कागदावर एक अन् गाडीत एक, हे काऊन?”

“मालकांनी सांगितलं, उस्ताद.”

“मंग मालकाचं नाव लिहा ना जी फळ्यावर. त्याईलेच चालवू द्या.”

मग हमाल कागदापेक्षा जास्तीची पोती उतरवेपर्यंत ते समोरच्या टपरीवर जाऊन बसायचे. आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, नुसतं बसायचं. मालक चिडून दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवायचे. पण माल लांबचा असला किंवा रस्ता घाटाचा असला की फळ्यावर पुन्हा उस्तादांचंच नाव लागायचं, आणि ते लिहायला मालकच सांगायचे.

उंच, किंचित वाकलेला माणूस. उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा, कारण आयुष्यभर तो खिडकीबाहेर उन्हात राहिला. इंजिनच्या आवाजाने कान अधू झालेले, म्हणून मोबाइल कायम स्पीकरवर. त्यांच्या घरातल्या सगळ्या गोष्टी गल्लीला माहीत असत. दुसऱ्याच्या गाडीत बसले की उजवा पाय आपोआप दाबला जायचा. माझ्या छोट्या कारमध्ये ते शेजारी बसले की गायी-म्हशी, वळणं आणि सायकली यांच्यासाठी तेच ब्रेक मारत असत, रिकाम्या जागेवर. मी एकदा म्हटलं, “उस्ताद, गाडी मी चालवतेय.” ते म्हणाले, “तुम्ही चालवा. थांबवाचं माझ्याकडं राहू द्या.”

त्यांची एक गोष्ट सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होती. तिची सुरुवात ठरलेली. “माझ्या जिंदगीत मले एकाच माणसानं पकडलं. बाकीच्याईनं नुसतं थांबवलं.”

ते छत्तीसगडकडून रिकामी गाडी घेऊन परत येत होते. एका नाक्यावर शिट्टी वाजली. त्यांनी सवयीप्रमाणे घडी केलेली नोट मुठीत धरून हात खिडकीबाहेर काढला. मान वळवायचीसुद्धा गरज नसे. मूठ तशीच राहिली. खालून आवाज आला, “खाली उतर.” एक वयस्क हवालदार होता. त्याने यांना बाकावर बसवलं. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. गाडीचा मागचा लाल दिवा बंद होता. त्याची रीतसर पावती फाडली, सही केली, हातात दिली. वर सांगितलं की पुढच्या गावात मिस्त्री आहे, दिवा लाव आणि परत येऊन मला दाखव.

“अन् तुम्ही परत गेलात?” नवा ड्रायव्हर हमखास विचारायचा.

“गेलो ना गा. उलटा गेलो. दिवा दाखवला. तो म्हणते, आता मागून येनाऱ्याले तू दिसशील. बस, एवढंच.” इथे उस्ताद थांबायचे. “तवा समजलं मले. बाकीचे माझा खिसा पाहत होते. ह्या माणसानं माझी गाडी पाहिली.”

या गोष्टीतून त्यांनी एक वाक्य काढलं होतं आणि ते कुठेही वापरत: “आपन चुकलो तं आपल्याले पकडलं पाहिजे. हा आपला हक आहे.” ऐकणारे हसायचे. रेशनचा हक असतो, पगाराचा असतो. पकडून घेण्याचा कसला हक? उस्ताद हसत नसत.

रात्रीचं कमी दिसू लागलं तेव्हा त्यांनी स्वतःहून गाडी सोडली. मालकांनी राहा म्हटलं, हे राहिले नाहीत. घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. नवरात्रात आमचं शहर रस्त्यावर येतं. चौकाचौकात देवी बसते, खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात आणि पोलीस पुरे पडत नाहीत. अशा एका संध्याकाळी मिलच्या रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर एकमेकांत अडकले. उस्ताद खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन मधोमध उभे राहिले आणि एकेकाला मागे घ्यायला लावलं. ट्रकवाले त्यांना ओळखत होते. ट्रॅक्टरवाल्यांना दुपट्ट्याचा इशारा कळला. तिथले ठाणेदार ते बघत होते. पुढच्या वर्षी त्यांनी उस्तादांना बोलावून घेतलं आणि त्यातून स्वयंसेवकांचं एक पथक तयार झालं. कोण कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, ही पाळी लावायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

स्टिकरची कल्पना ठाणेदारांची. निळा गोल, मधे शिट्टीचं चित्र, भोवती अक्षरं: ‘आम्ही पोलिसांसोबत’. स्वयंसेवकांनी आपल्या गाडीच्या काचेवर लावावं, म्हणजे लोकांना पोलिसांविषयी आपुलकी वाटेल, असा हेतू. ठाणेदारांना ते सरसकट वाटायचं होतं. उस्तादांनी अट घातली: जो नवरात्राची पूर्ण ड्यूटी करेल, त्यालाच. आणि ते लावणार उस्ताद स्वतः. काच आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायची. स्टिकर एका कडेने टेकवून अंगठ्याने हवा बाहेर काढत काढत चिकटवायचं. हात चालू असताना बोलणंही चालू. “हे लावलं का तुमची चूक दुप्पट झाली, समजून राहिले ना? लोक म्हनतीन, हा पोलिसाच्या बाजूचा अन् असा चालवते?” मी पाळ्या लावल्या पण चौकात उभी राहिले नाही, म्हणून माझ्या कारला त्यांनी स्टिकर दिलं नाही. मी मागितलंही नव्हतं, तरी येऊन कारण सांगून गेले.

भांड्यांच्या दुकानाचे एक शेठजी होते. त्यांनी पथकात नाव दिलं आणि ड्यूटीला आपल्या दुकानातला हमाल टेकचंद याला पाठवलं. टेकचंद शेवटच्या दिवसापर्यंत उभा राहिला. शिट्टी त्याला इतकी आवडली की तो गायींनाही वाजवायचा. नवरात्र संपल्यावर शेठजी नवी कार घेऊन उस्तादांच्या दारात आले.

“लगा दो उस्ताद.”

“ड्यूटी कोनं केली शेठजी?”

“अरे, आदमी तो मेरा ही था ना.”

“मंग आदमीच्या गाडीले लावतो.”

“उसके पास कहाँ गाडी है? सायकल है.”

“चालंल,” उस्ताद म्हणाले आणि फडकं घेऊन निघाले. टेकचंदच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर त्यांनी तितक्याच निगुतीने ते स्टिकर लावलं. पुढे बरेच दिवस चौकातले पोलीस टेकचंद दिसला की सायकल थांबवून कडक सलाम ठोकायचे आणि टेकचंद तितक्याच गंभीरपणे तो घ्यायचा. शेठजी वर्षभर उस्तादांशी बोलले नाहीत. त्या वर्षी बाजारात एवढं हसू दुसऱ्या कशाने आलं नसेल.

सुरुवात अशी होती. बदल कधी झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. चौकातला पोलीस आपल्या शेजारी उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखणारच. ओळखलं की हसणार, हसला की ‘जा जा’ म्हणणार. पुढे त्या पोलिसाची बदली झाली. नव्याला माणूस माहीत नव्हता, पण स्टिकर माहीत होतं. मग हात स्टिकरसाठीच हलू लागला. उस्तादांच्या जुन्या मोपेडलाही लांबूनच वाट मिळायची आणि ते खूश होऊन मान लववायचे. त्यांना ती माणसामाणसातली रीत वाटली. घरी आलेल्याला आपण बस म्हणतो, तशी.

एकदा मालकांच्या कारमधून मी मिलच्या कामासाठी जात होते, उस्तादही सोबत बसले होते. मालकांच्या मुलाने ड्यूटी केलेली असल्यामुळे काचेवर स्टिकर होतं. रस्त्यात तपासणी चालू होती. आमच्या ड्रायव्हरने पट्टा लावलेला नव्हता. त्याने घाईने ओढायला घेतला, पण तेवढीही गरज पडली नाही. हात हलला, आम्ही पुढे. बाजूला एक तरुण मोटारसायकल धरून उभा होता. तो पोलिसाला म्हणाला ते खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, “त्याईले काऊन सोडलं मंग?”

“आपला मानूस आहे तो,” पोलीस म्हणाला.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी मला विचारलं, “त्या पोट्ट्याजवळ हेल्मेट होतं काय?”

“नव्हतं.”

“मंग बरोबर पकडलं.”

त्यांचं समाधान झालं. पकडलेला माणूस खरोखर चुकला होता का, एवढंच ते बघायचे, आणि तो बहुतेक वेळा चुकलेलाच असायचा. सोडलेल्याकडे कोणी बघितलं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इतक्या सरळ माणसाला तो पडू नये, याचं मला आजही नवल वाटतं. कदाचित जन्मभर ते थांबवलेल्यांच्या रांगेत उभे राहिले होते, म्हणून त्यांची नजर त्याच रांगेवर खिळलेली राहिली.

मनोज हा उस्तादांचा शेवटचा क्लीनर. जवळच्याच नागरा गावचा. त्यांच्या हाताखालीच तो गाडी शिकला. पुढे त्याने जुनी जीप घेतली आणि सासुरवाडी चिचगडच्या बाजूला असल्यामुळे तिकडे प्रवासी नेऊ लागला. पण दर नवरात्रात तो गोंदियाला यायचा, पार्बताबाईंच्या हातचं जेवायचा आणि सगळ्यात गर्दीचा चौक मागून घ्यायचा. त्याच्या जीपच्या काचेवर स्टिकर लावताना उस्ताद जरा जास्तच वेळ पुसत होते, असं मला आठवतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका दुपारी, मी पार्बताबाईंकडे चिंचा फोडायला बसले होते. उस्तादांचा फोन वाजला. स्पीकरवर मनोजचा आवाज, ओळखू न येण्यासारखा. बाजाराहून परतताना जीप जंगलातल्या वळणावर उलटली होती. आत माणसं, मागच्या शिडीवर माणसं, टपावर माणसं. दोन बाया जागीच गेल्या होत्या. मनोज दवाखान्यातून बोलत होता.

“उस्ताद, ब्रेकच नाही लागला जी.”

उस्ताद उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, “आज बाजाराचा दिवस. नाक्यावर चेकिंग असंल.”

“होती.”

“मंग पाहिली नाही काय कोनं गाडी?”

“नाही जी. सोडली.”

“काऊन?”

 मागे कोणीतरी रडत होतं ते ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, “आपलं स्टिकर आहे ना, उस्ताद.”

पार्बताबाईंनी चिंचांची परात बाजूला सरकवली. उस्ताद फोन बंद करायला विसरले. तो समोरूनच बंद झाला.

पुढच्या गोष्टी जशा व्हायच्या तशा झाल्या. मनोजवर गुन्हा दाखल झाला. नाक्यावरचा हवालदार निलंबित झाला. जीप तिकडच्या ठाण्याच्या आवारात नेऊन ठेवली. दोघी बाया एका घरच्या होत्या, जावा-जावा. उस्ताद म्हणाले, “मले तिथी जाचं आहे. तुम्ही चालता काय?” मी कार काढली. त्या दिवशी त्यांनी वाटेत एकदाही पाय दाबला नाही.

चिचगडच्या पुढे जंगलातला टोला होता, लहानशी वस्ती. घर शोधावं लागलं नाही. अंगणात माणसं बसली होती. एका बाजूला चटईवर मोहफुलं वाळत घातलेली होती, अर्धी सुकलेली, आणि ती कोणी उलटवली नव्हती. थोरल्या बाईचा नवरा, दसरू, आमच्यासमोर येऊन बसला. उस्तादांनी आपलं नाव, गाव सांगितलं. मनोजचा उस्ताद, असंही सांगितलं. मला वाटलं आता आवाज उठेल. उठला नाही.

दसरू म्हणाला, “मी त्याच नाक्यावर होतो जी.”

आम्हाला हे माहीत नव्हतं.

“गाडीवर सामान होतं, म्हणून तिले जीपमंधी बसवलं. मी फटफटीनं समोर निघालो. मले पकडलं. हेल्मेट नव्हतं. लाइनीत उभं केलं. मी उभाच होतो तं जीप आली. पोलिसानं हात केला, जीप गेली. तिनं पाहिलं मले. हसली. तिनंही हात केला.” त्याने तो हात करून दाखवला. “मले थांबवलं तं मी जित्ता आहो, नाही तं वळनावर जीपच्या समोर मीच असतो. तिले काऊन नाही थांबवलं जी?”

हा प्रश्न तो कोणालाच विचारत नसावा. पण उस्तादांनी तो स्वतःला विचारलेला धरला.

“काचेवर माझं स्टिकर होतं. म्हणून,” ते म्हणाले.

दसरूला कळलं नाही. उस्तादांनी सगळं सांगितलं. नवरात्र, ड्यूटी, निळा गोल, आपण तो आपल्या हाताने कसा लावला, पोलीस त्याला कसे ओळखतात. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. दसरू ऐकत होता.

“म्हंजे वळख होती म्हणून सोडलं.”

“हव.”

दसरूने मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. “माझी कोनाशीच वळख नाही जी,” तो म्हणाला. “म्हणून वाचलो मी.”

त्याने आम्हाला पाणी दिलं. उस्तादांनी तांब्या घेतला आणि तो हातात धरून बसले. पिणं त्यांना जमलं नाही. निघताना त्यांनी दसरूला हात जोडले, तर दसरूनेही जोडले; आलेल्या माणसाला जोडायचे तसेच.

परतीच्या वाटेवर उस्ताद एकदाच बोलले. “त्या पोट्ट्यानं बरोबर विचारलं होतं, मुनीमबाई. त्याईले काऊन सोडलं. मी हेल्मेटच पाहत बसलो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्टिकरं परत घ्यायला सुरुवात केली. पिशवीत दाढीचं पातं, फडकी, गरम पाण्याचा थर्मास. गोंद राहतो म्हणाले, तेव्हा मी खोबरेल तेल सुचवलं. तेलाने डाग सुटतो. ते दारात जाऊन उभे राहायचे आणि सांगायचे, “मी दिलं होतं, मीच काढतो. काचेले ओरखडा नाही पडू देणार.” काहींनी लगेच काढू दिलं. काहींनी कार घरात नसल्याचं सांगितलं, आणि ती मागे उभी दिसत असे. एक डॉक्टर म्हणाले, “उस्ताद, मी तर कधी फायदा घेतला नाही.” उस्ताद म्हणाले, “तुम्ही नाही घेतला साहेब. पन देनारा देऊन राहिला होता, तुमाले न विचारता.” डॉक्टरांनी स्वतः पातं हातात घेतलं.

एक बांधकाम ठेकेदार मात्र चिडला. “मी पावसात उभा होतो त्या चौकात. ताप आला होता मले. ते काय फुकट गेलं?”

“फुकट नाही गा. ड्यूटी तुझीच. ते कोनी काढून नाही घेत. फक्त स्टिकर माझं आहे.”

“अन् मी नाही दिलं तं?”

“तं मी उद्या येतो.”

ते दुसऱ्या दिवशी गेले, आणि तिसऱ्याही. ठेकेदाराच्या आईनेच शेवटी मुलाला बाहेर बोलावून काढायला लावलं. टेकचंदने सांगितल्याबरोबर स्वतःच सायकल आणली. काढल्यावर मडगार्डवर मूळ हिरव्या रंगाचा एक टवटवीत गोल राहिला. टेकचंद म्हणाला, “आता सलाम बंद होईन जी.” तो हसत होता, पण उस्तादांना ते वाक्य लागलं, ते बराच वेळ त्या सायकलजवळ उकिडवे बसून होते.

बाजारातल्या रेडियमवाल्याने तशीच स्टिकरं कापून विकलेली होती, हेही याच फिरण्यात कळलं. मी म्हटलं, तीही काढायला हवीत. उस्ताद म्हणाले, “जे मी दिलंच नाही ते परत कसा मांगू? पोलिसाईनं पाहावं ते.” ठाण्यात आलेल्या नव्या साहेबांनी त्यांना बोलावलं. बोलणं नीटच होतं: एका हवालदाराची चूक झाली, त्याची शिक्षा त्याला मिळेल, चांगला उपक्रम कशाला बंद करता? उस्ताद म्हणाले, “साहेब, चूक त्याची. पन त्याच्या हाताले सवय मी लावली.” त्यानंतरच्या नवरात्राच्या पथकात ते नसणार, हे तिथेच ठरल्यासारखं झालं.

खाणं कमी झालं होतं. पार्बताबाई म्हणायच्या, “जेवून तं जा जी. स्टिकर काही पळून नाही जात.” ते जेवायचे नाहीत. एकेक करून त्यांनी दिलेली सगळी परत आली. एक सोडून. ते जीपच्या काचेवर होतं, तिकडच्या ठाण्याच्या आवारात.

उस्ताद पोळ्याच्या आधी गेले. झोपेतच, पार्बताबाईंना सकाळी कळलं. तेव्हा मी गावाला होते, शेवटचं बघणं झालं नाही; माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या ठाण्याच्या आवारातलेच.

मे महिना होता. मी त्यांच्या नावाने अर्ज लिहून दिला होता, जीपवरचं स्टिकर काढू देण्याबद्दल. ठाण्यात सांगण्यात आलं की जीप हा खटल्यातला मुद्देमाल आहे, निकालापर्यंत तिच्यावरचं काहीही हलवता येणार नाही. उस्ताद म्हणाले, “पाहता येते काय?” पाहायला हरकत नव्हती. आवारावर एक तरुण शिपाई होता. तो आधी गोंदियाला होता, दोन नवरात्रं उस्तादांच्या शेजारी उभा राहिलेला. त्याने धावत येऊन त्यांचे पाय धरले.

जीप भिंतीला लागून उभी होती, अर्धी चेपलेली. उस्तादांच्या पिशवीतला थर्मास शिपायाने पाहिला. त्याने इकडे तिकडे बघितलं.

“काका, मी मागं हातपाय धुवाले जातो. थोडा टाइम लागंल मले. तुम्ही काढून घ्या.”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. “दुसरा कोनी आला असता तं?”

“दुसऱ्या कोनाले कायले म्हनीन जी? तुम्ही आपले आहात.”

“दुसऱ्याले काय म्हटलं असतं?”

“नाहीच म्हटलं असतं.”

“मंग मलेही नाही म्हन.”

शिपाई घुटमळला. त्याला वाटलं काका रागावले. ते रागावले नव्हते. ते वाट बघत होते.

“म्हन ना गा.”

“नाही काका,” तो शेवटी म्हणाला. “काढता नाही येनार.”

“हव,” उस्ताद म्हणाले. “आता ठीक बोलला.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि काचेजवळ गेले. काच तडकून तिची जाळी झाली होती. पण निळा गोल जसाच्या तसा होता, एकही कडा उचललेली नव्हती. इतका नीट लावला होता. ऊन फार होतं. मी कारचं दार उघडून उभी होते. शिपाई फाटकाशी जाऊन उभा राहिला.

“चला उस्ताद,” मी म्हटलं.

“तुम्ही बसा मुनीमबाई. मी उभा राहतो थोडा.”

आणि ते उभे राहिले, भर उन्हात, ज्या जीपला कोणी थांबवलं नव्हतं तिच्यासमोर.